बारा वाजून दहा मिनिटं

श्रीलंकेतल्या आमच्या विहारात दर वर्षी एक यादी लागते. कोणत्या भिक्खूने कोणत्या देशात धम्मसेवेला जायचं, ते तिच्यात असतं. माझ्याबरोबर दीक्षा घेतलेल्यांपैकी एकाला कोरिया मिळालं, एकाला जर्मनी. मीही मनातल्या मनात बर्फाच्या देशाची तयारी करून बसलो होतो. चीवराच्या आत स्वेटर घातलेला चालतो का, हे एका थोर भिक्खूंना विचारूनही ठेवलं होतं. यादीत माझ्या नावासमोर लिहिलं होतं: परदेश सेवा, भारत, यवतमाळ जिल्हा.

मी यवतमाळ जिल्ह्याचाच. दिग्रसच्या पुढे आमचं गाव. बाविसाव्या वर्षी घर सोडून समुद्र ओलांडला, आठ वर्षं पाली शिकलो, सिंहली शिकलो, नारळाच्या दुधातल्या भाज्या बिनतक्रार खायला शिकलो. आणि आता मला परदेशी पाठवत होते ते आईच्या घरापासून एसटीने तीन तासांवर. मी गुरूंकडे गेलो आणि म्हणालो, भन्ते, हा परदेश नाही. ते म्हणाले, आमच्यासाठी आहे. शिवाय आपल्या माणसांत भिक्खू म्हणून राहणं सगळ्यांत अवघड, ते तुला जमतं का बघू. त्यांचं बोलायला काय जात होतं? त्यांना एसटीची वाट पाहायची नव्हती.

गाव बोरी अरबच्या जवळ. एसटी फाट्यावर सोडते, तिथून दोन किलोमीटर चालायचं, दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कपाशी. विहार म्हणजे एक हॉल आणि मागे माझी खोली. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, एक माईक, कोपऱ्यात पाण्याचा माठ, दारावर एक गोल घड्याळ. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूने एकाच जागी राहायचं असतं, त्याला वर्षावास म्हणतात. तेवढे तीन महिने मी मोबाइल कपाटात बंद करून ठेवायचं ठरवलं होतं. फक्त रविवारी गुरूंना फोन करण्यापुरता तो बाहेर यायचा. त्यामुळे माझा सगळा दिवस त्या दारावरच्या घड्याळाच्या हाती होता.

माझा नियम तसा साधा. सूर्य डोक्यावर येईपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, जेवायचं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत फक्त पाणी किंवा कोरा चहा. आणि जे खायचं ते कुणीतरी आपल्या हाताने दिलेलं. गावाने जेवणाचे नंबर लावले होते, रोज एक घर. पहिल्याच बैठकीत मी हे सगळं दोनदा समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. विहार समितीच्या अध्यक्षांनी वहीत लिहूनही घेतलं. त्यांना सगळं वहीत लिहायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी डबा आला साडेबाराला. का, तर भन्तेजींना सकाळचं कसं द्यायचं, गरम पाहिजे. तिसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना. पाच मिनिटांत मी भाकरीचा पाव हिस्सा खाल्ला आणि हात धुतले, तर वाढणारी बाई रडायला लागली. चौथ्या दिवशी कुणी आलंच नाही. दोन घरांना वाटलं होतं की नंबर एकमेकांचा आहे. दुपारी चारला मात्र न चुकता दुधाचा चहा आणि बिस्किटांचा पुडा यायचा. मी नको म्हणालो की वाद सुरू.

"पाणी चालते ना जी?"

"चालतं. पाण्याला वेळ नाही."

"मंग बिस्कीट काहून नाही? कोरडं तर असते. ते काय जेवन हाये?"

विहारासमोरच्या घरात एक म्हातारी उपासिका राहते. गुडघ्यांनी अधू, पण जीभ ठणठणीत. ती केळं घेऊन यायची आणि हे फळ आहे, जेवण नाही, असं मला विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या, आचार्यासारखं पटवून द्यायची. रोज. मी रोज तेच उत्तर द्यायचो. आठ वर्षांच्या ध्यानाने मिळालेली शांती केळ्यावर खर्च होत होती.

नियम पाळण्याचा मला अभिमान होता, हे इथे कबूल करतो. परक्या भाषेत, परक्या माणसांत एकटं वाटायचं तेव्हा नियमाचाच आधार असायचा. बारा म्हणजे बारा. इथे आपल्या माणसांत तो मी जरा जास्तच घट्ट धरला. वाटायचं, ढिला सोडला तर हे लोक मला आठवड्याभरात पुन्हा पूर्वीचा पोरगा करून टाकतील.

आणि मग आई आली.

माझ्या दीक्षेनंतर तिने मला एकदाही जेवू घातलं नव्हतं. मी लंकेत, ती इथे. माझी नेमणूक कळल्यावर तिने निरोप धाडला होता की तिला फक्त एक दिवस भोजनदान करायचं आहे, आपल्या हातचं. तिला बाकी काही नको होतं. मलाही तेच हवं होतं, पण भिक्खूने अमुक एका हातचं हवं असं म्हणायचं नसतं, म्हणून मी म्हणालो नाही.

आषाढातच ती पहिल्यांदा आली. दिग्रस, दारव्हा, मग बोरीची गाडी, मग चालत. पोचली बारा चाळीसला. डब्यात पातोडीचा रस्सा होता. आता ज्याला हा पदार्थ ठाऊक आहे त्याला सांगायला नको की बेसन शिजवा, थापा, वड्या पाडा, मसाला वाटा, यात सकाळ जाते. तिची पहिली गाडी त्यातच चुकली होती. मी मनात चिडलो. वरण-भात आणला असता तर काय बिघडलं असतं! मी तिला नियम समजावून सांगितला. तिने तीन वेळा वाकून वंदन केलं आणि म्हणाली, "बरं, भन्तेजी."

तिने मला भन्तेजी म्हणणं बरोबरच होतं. तरी ते मला खुपलं. डबा गावाने खाल्ला आणि रश्शाची तारीफ आठवडाभर मला ऐकवली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. या खेपेला पहिली गाडी मिळाली, पण ती दारव्ह्याच्या अलीकडे पंक्चर झाली. मी हॉलमध्ये बसून होतो. बारा वाजले तसा मी उठलो, पात्र झाकून ठेवलं. आई दारात आली तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पदराने तोंड पुसत होती, डबा छातीशी धरलेला, धाप लागलेली. मी फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं, नजर खाली घातली आणि खोलीत जाऊन ध्यानाला बसलो. ध्यान म्हणजे काही बटण दाबलं की लागणारा दिवा नव्हे. तासभर नुसता एसटी महामंडळावर, रस्त्यांवर, पातोडीवर आणि स्वतःवर चिडून बसलो. बाहेर आलो तेव्हा समोरची म्हातारी आईला आपल्या घरी घेऊन गेली होती.

संध्याकाळी ती म्हातारी केळं न आणता आली. "भन्तेजी, तुमचा धम्म बरोबर हाये," ती म्हणाली, "पन तुमचं घड्याळ लय कडक हाये."

त्या संध्याकाळी माईकवरून मी रोजच्यासारखी मैत्रीभावना म्हटली, सगळे प्राणी सुखी होवोत. म्हणताना पहिल्यांदाच मनात आलं की सगळ्या प्राण्यांत आई धरली आहे की नाही. मग वाटलं, हा मोह आहे. मोह म्हटलं की पुढचा विचार करावा लागत नाही.

श्रावण उतरणीला लागला तेव्हा ती तिसऱ्यांदा येणार असं कळलं. त्या दिवशी मी हॉलमध्ये बसलोच नाही. घड्याळाकडे बघत बसायची माझ्यात ताकद नव्हती. मागच्या खोलीत सूत्रपठण करत बसलो. कधीतरी बाहेर कुजबुज ऐकू आली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि म्हातारीने हाक मारली, "भन्तेजी, चला, जेवन आलं!" बाहेर येऊन बघतो तर बारा वाजायला वीस मिनिटं कमी. हुश्श झालं. आईने आपल्या हाताने पात्रात वाढलं. पातोडीचा रस्सा, भाकरी, तिळाची चटणी. मी खाली बघून जेवलो, कारण भिक्खूने तसंच जेवायचं असतं आणि त्या दिवशी ते बरंच झालं. डोळे कुणाला दिसले नाहीत. बारा वाजायला दोन मिनिटं असताना मी हात धुतले. आई गावातल्या बायांबरोबर हसत फाट्याकडे गेली.

पुढचे चार दिवस तर नवलच घडलं. सगळे डबे वेळेवर. साडेअकरा, अकरा पस्तीस, एकही दिवस चुकला नाही. मी इतका हरखलो की शनिवारच्या प्रवचनात अप्रमादावर तासभर बोललो. जागरूकता म्हणजे काय, वेळ पाळणं हीसुद्धा साधना कशी, आणि या गावाने महिन्याभरात ती कशी आत्मसात केली. लोक खाली माना घालून ऐकत होते. मला वाटलं, विनय.

रविवारी गुरूंना फोन करायला मोबाइल काढला. मोबाइलमध्ये चार वाजून वीस मिनिटं. दारावर चार.

मी घड्याळ बघितलं, मोबाइल बघितला, पुन्हा घड्याळ बघितलं. काटा तर नीट चालला होता. कुणीतरी तो हाताने वीस मिनिटं मागे नेला होता. म्हणजे आईचं जेवण बाराच्या पुढे गेलं होतं, त्यानंतरचीही चार. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि अख्खं गाव माझं अप्रमादावरचं प्रवचन ऐकून घरी गेलं होतं. माझा पारा असा चढला की चीवर घातलेल्या माणसाला शोभला नसता. मी माईक सुरू केला.

त्या दिवशी मी चौथ्या शीलावर बोललो. खोटं बोलणार नाही, असं तुम्ही रोज म्हणता, मी विचारलं, तेव्हा नक्की काय म्हणता? घड्याळाचा काटा फिरवणं हे खोटं नाही का? ज्याने केलं त्याने समोर यावं. आवाज पलीकडच्या बंजारा तांड्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी तिथला एक जण विचारपूस करायला आला, "बावाजी, घड्याळ कोनं चोरलं?"

समोर आले पाच जण.

"म्या केलं," अध्यक्ष म्हणाले.

"नाही जी, म्या केलं," त्या दिवशी जिचा नंबर होता ती बाई म्हणाली. मग गावातला वायरमन उठला. मग आणखी एक जण उठला, जो त्या दिवशी गावातच नव्हता, राळेगावला सोयरिकीला गेला होता. आणि शेवटी भिंतीला धरून म्हातारी उभी राहिली.

"तुम्ही?" मी म्हणालो. "तुम्हाला विहाराची पायरी चढवत नाही. तुम्ही खुर्चीवर चढलात?"

"चढली ना. धम्मासाठी चढली."

यातले किमान चार जण खोटं बोलत होते, तेही खोटं न बोलण्याच्या प्रवचनात. मी माईक बंद केला. यांच्यापुढे जर्मनीतला बर्फ काय वाईट होता, असं मला अगदी मनापासून वाटलं.

माझ्याकडून नियम मोडला होता, तेव्हा तो दुसऱ्या भिक्खूजवळ कबूल करणं भाग होतं. मी गुरूंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. आईचं, काट्याचं, पाच जणांचं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या विनयाच्या पुस्तकात घड्याळ कोणत्या पानावर आहे?"

मी मनातल्या मनात पानं उलटू लागलो.

"त्यात मध्यान्ह आहे. सावली सगळ्यांत लहान होते ती वेळ. तुझ्या गावात ती कधी होते, हे तू पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. लंकेत सगळे बाराला हात धुवायचे, मीही धुवायचो. तीच वेळ मी पेटीत घालून इथे आणली होती.

अंगणात धम्मध्वजाचा खांब आहे. त्याची सावली मोजायची ठरवली, तर आभाळ भरून आलं ते चार दिवस हटायचं नाव घेईना. हे माझ्या नशिबाला धरूनच झालं. पाचव्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, लख्ख ऊन पडलं. मोबाइल हातात घेऊन मी खांबापाशी बसलो आणि सावलीच्या टोकाला दर पाच मिनिटांनी खडा ठेवत गेलो. भिक्खू जमिनीवर खडे मांडतो आहे म्हटल्यावर गाव जमलं. नदीवर बैल धुवायला निघालेले बैलांसकट थांबले.

"भन्तेजी, गिरान हाये का?"

"ग्रहण नाही. गप्प बसा."

बारा वाजले. सावली आखूडच होत होती. बारा पाच. बारा दहा. त्या खड्याशी माझा हात थोडा थांबला. अजूनही आखूडच होत होती. सव्वाबारा उलटून गेल्यावर कुठे ती थांबली आणि मग दुसऱ्या बाजूने वाढू लागली.

मी खड्यांकडे बघत राहिलो. आईचं तिसऱ्या खेपेचं जेवण वेळेत झालं होतं. ज्याने कुणी काटा फिरवला त्याने तो जवळपास सूर्याशी नेऊन जुळवला होता, चुकून का होईना. पण माझं लक्ष त्या बारा दहाच्या खड्यावर होतं. दुसऱ्या खेपेला आई बारा दहालाच दारात उभी होती. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता. चार घास नक्की झाले असते. मी ज्याला नियम म्हणत होतो ती माझीच चूक होती, आणि त्या चुकीकडेच बोट दाखवून मी आईला परत पाठवलं होतं. मला लाज वाटली. राग येण्यासारखं दुसरं कुणी उरलंच नव्हतं, हे त्याहून वाईट.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी भिक्खू एकमेकांसमोर बसून म्हणतात की माझी काही चूक दिसली असेल, ऐकली असेल, नुसती शंका आली असेल तरी सांगा. याला पवारणा म्हणतात. एकटाच भिक्खू असला तर त्याने मनाशी म्हटलं तरी पुरतं. मी मात्र गावासमोर म्हणायचं ठरवलं. आई आदल्या दिवशीच येऊन म्हातारीकडे उतरली होती. तिच्यासमोर मला ती बारा दहाची गोष्ट कबूल करायची होती.

पण वऱ्हाडातल्या माणसाला माझं काय चुकलं ते सांगा असं कधी विचारू नये. तो सांगतो.

"पहाटचा माईक लय मोठा असते जी. लेकरं उठून बसतात."

"तुम्ही हासत नाही."

"माह्या हातची भेंडी तुम्ही दोन डाव बाजूले सारली. म्या पाह्यलं."

"समजावून सांगता सांगता मधातच लंकेची भाषा घुसते. आमाले काय समजते?"

अध्यक्ष सगळं वहीत क्रमांक घालून लिहून घेत होते. अकराव्या क्रमांकापर्यंत मी दात आवळून ऐकलं. मग आई उठली. हात जोडले, नजर खाली.

"घड्याळ म्या मागं केलतं, भन्तेजी."

अध्यक्षांनी वहीत बारावा क्रमांक घातला.

"दारात पाय ठेवला तं बारा वाजतच आलते. मले राहवलं नाही. खुर्चीवर चढली आन् काटा फिरवला. या माउलीनं खुर्ची धरली. ह्या लोकाईनं तुमचं बोलनं माह्यापायी खाल्लं."

मी त्या पाच जणांकडे पाहिलं. कुणी छताकडे बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. म्हातारी मात्र सरळ माझ्याकडे बघत होती.

मी आईला सगळं सांगितलं. सावली, खडे, मध्यान्ह. तुमचं दान वेळेतच झालं, म्हणालो. नियम मोडलाच नाही. उलट त्याआधी तुम्ही बारा दहाला आला होतात, तेव्हाही वेळ होती. तेव्हा चूक माझी झाली. वाटलं होतं, तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल.

तिने मान हलवली. "ते सूर्याचं मले नाही समजत," ती म्हणाली. आणि मग आठ वर्षांनी पहिल्यांदा तिने मला तू म्हटलं. "जेवनाचं सोड. तुहा नियम हाये, मले मान्य हाये. पन त्या दिवशी म्या फाट्यावरून पयत पयत आली. तोंडाले कोरड पडलती. तू बोट दाखवून आत निंघून गेला. मले पानी पे म्हनून नाही म्हटलं. पान्याले तर टाइम नसते ना?"

अध्यक्षांचा पेन थांबला. हे त्यांनी वहीत लिहिलं नाही.

माठ माझ्यापासून चार पावलांवर होता. तीन महिने तिथेच होता. मी आसनावरून उठलो, पेला धुतला, भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग पेला घेतला आणि वरून धार धरून, उभ्यानेच, सगळं पाणी संपवलं. पदराने तोंड पुसलं आणि रिकामा पेला पुन्हा माझ्यापुढे केला.

"अजून दे," ती म्हणाली.